आभाळ साफ हाय

घरातून बाहेर पडलं की ते आधी आभाळ बघत. उजवा हात कपाळावर आडवा धरायचा, डोळे बारीक करायचे आणि नजर डावीकडून उजवीकडे संथ फिरवायची, भिंतीवरून चुन्याचा कुंचला फिरवावा तशी. सूर्य असेल त्या बाजूला अंगठ्यानं सूर्य झाकायचा आणि त्याच्या कडेकडेनं पाहायचं. मग हात खाली. मग कुणाला सांगायचं असं नाही, पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं, "आभाळ साफ हाय."

एवढं झाल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. लग्नाला निघालेले असोत, मयताला निघालेले असोत, नाहीतर सकाळी लोटा घेऊन ओढ्याकडे निघालेले असोत.

असं एखादं माणूस तुमच्याही गावात असेल. आपण त्याच्या सवयीला हसतो, पोरांसमोर त्याची नक्कल करतो, आणि ते माणूस गेल्यावर कधीतरी उंबऱ्याबाहेर पाय टाकताना आपलीच मान वर जाते. माझी जाते. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव बोरीहून जिंतूरला जाताना लागणाऱ्या एका फाट्यापासून दोन मैल आत. त्याचं नाव लिहीत नाही. त्यांचंही लिहीत नाही.  गाव त्यांना 'तोफ्या' म्हणायचं. बौद्धवाड्यात ते 'हवालदार' होते. खरं तर ते हवालदार कधीच नव्हते. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "साधा गनर होतो, गुरुजी. पर वाड्यातल्या लोकांनी मला बढती दिली. सरकारनं दिली न्हाई, मंग आपल्याच माणसाची कशाला वापस करू?"

तरुणपणी ते मुंबईला गोदीत माल उतरवायचे. तिथल्या कामगारांची एक स्वयंसेवक तोफखाना तुकडी होती. आठवडाभर पाठीवर गोणी, रविवारी विमानं पाडायच्या तोफेवर कवायत, वर्षातून महिनाभर तंबूत. लढाई लागली की मात्र रविवार-सोमवार उरत नसे. पासष्टला बोलावणं आलं, एकाहत्तरला पुन्हा आलं. दोन्ही वेळा गोणी खाली ठेवून ते तोफेवर गेले. दुसऱ्या लढाईत डावा कान गेला, मग गोदीतलं कामही सुटलं, आणि बायको-लेकरांना घेऊन ते गावी आले.

गावाला यातलं अर्धंच पटायचं. "रविवारचा शिपाई," आमचा एक चुलता म्हणायचा, "बाकी सहा दिस हमाल." फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचा रोजचा विनोद ठरलेला असे. ते हॉटेलाबाहेर उभे राहून चहा प्यायचे. त्यांची नजर वर गेली की तो आतून ओरडायचा, "का रे तोफ्या, इमान यायलंय का?"

"आलं तं पयलं तुमच्याच हाटेलावर यील, मालक. धूर लय काढता तुमी."

लोक हसत. हॉटेलवालाही हसे. त्या हसण्यात मी असे. पण एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घरी ओसरीवर बसलो की मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचो. हॉटेलापाशी चार माणसांत 'तू' म्हणायचो. त्यांनी कधी तसं जाणवू दिलं नाही. दोन्हीकडे त्यांचं 'गुरुजी' तेवढंच राहिलं.

मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो. गावचाच, जमीनवाल्या घरचा. अक्षर बरं म्हणून पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका, अर्ज, पंचनामे माझ्याकडे येत. एकदा त्यांना मी वर्गात बोलावलं होतं, लढाईचं सांगायला. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सावधान उभे राहिले. चौथीतल्या एका पोरीनं विचारलं, "किती इमानं पाडली?"

"एकबी न्हाई."

"मंग काय केलं तुमी?"

त्यांनी थोडा विचार केला. "भ्या दाखवलं. त्यायला पूल पाडायचा होता. आमी खालून इतकं भ्या दाखवलं, की त्यायचे बॉम्ब नदीत पडले. लय मासे मेले."

वर्ग हसला. तेही हसले. मग हसू ओसरलं आणि हळूच म्हणाले, "आन दोन माणसं."

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांना एक पत्र आलं. ते माझ्याकडे वाचायला घेऊन आले तेव्हा ते उघडलेलंही नव्हतं. पाकिटावरचा तोफेचा शिक्का तेवढा ते बोटानं चाचपत होते. तुकडीच्या एका निवृत्त साहेबांनी लिहिलं होतं. युद्धकाळातल्या सेवेचा इतिहास तयार करायचा आहे, मोठ्या अधिकाऱ्यांच्या नोंदी सापडतात, पण एकेका तोफेवर काय घडलं ते तोफेवरच्या माणसांनाच ठाऊक. तरी ज्यांना आठवतं त्यांनी आपापल्या तोफेची हकीकत, सगळ्या जवानांच्या नावांसकट, लिहून पाठवावी.

मी वाचून दाखवलं. ते पायरीवर बसून राहिले. "आमच्या तोफेवर सात जण होतो," ते म्हणाले. "दोघं पुलावरच ऱ्हायले. बाकीचे कुठं पांगले, पत्ता न्हाई. म्या न्हाई सांगितलं, तं ते दोघं कुठंच न्हाईत, गुरुजी. सैन्याच्या लेखी ते रविवारचे. गोदीच्या लेखी नोकरी सोडून गेलेले."

त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. म्हणून ते रोज पाच वाजता माझ्या ओसरीवर येऊ लागले. एक दोनशे पानी वही आणली होती. ती हिरव्या दस्तीत, म्हणजे मोठ्या रुमालात, बांधून आणायची, मला द्यायची, आणि जाताना पुन्हा दस्तीत बांधून घरी न्यायची. मी म्हणायचो, राहू द्या इथंच. ते म्हणायचे, "न्हाई. सात माणसं हायेत तिच्यात. रातच्याला आपल्या घरी झोपू द्या." घरी एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात वही ठेवायची हे त्यांच्या बायकोचं काम.

ते खाटेवर बसत नसत, पायरीवर बसत, उजवा कान माझ्याकडे करून. वळचणीला एका कोनाड्यात त्यांची कपबशी वेगळी ठेवलेली होती. आई वरून चहा ओतायची. चहा झाला की ते उठून कोपऱ्यातल्या रांजणापाशी ती स्वतः विसळायचे आणि पुन्हा कोनाड्यात पालथी घालायचे. मी तोफेवरच्या शौर्याची वाक्यं लिहीत असायचो, आणि कानावर कप विसळल्याचा आवाज यायचा. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही, हेच विशेष.

सांगताना ते कवायतीसारखं सांगायचे. तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो. कुणी नेम धरायचा, कुणी गोळे भरायचे, कुणी गोळे आणायचे. आणि यांपैकी एक जण आळीपाळीनं टेहळणीवर. त्यानं अर्धा तास फक्त आभाळ बघायचं. विमानासारखं काही दिसलं की 'जहाज' म्हणून हाक द्यायची.

"आन त्याचा एक कायदा हाय, गुरुजी. हा ठळक लिहा. टेहळणीवाल्याची हाक चुकली तर माफ. घार बघून हाक दिली, आपलंच इमान बघून हाक दिली, सगळी तोफ उगंच पळाली, चहा सांडला, तरी माफ. पर दिसलं आन हाक दिली न्हाई, तर माफी न्हाई. खात्री करत बसायचं काम त्याचं न्हाई. त्याचं काम हाक द्यायचं."

मी ठळक लिहिलं. खाली दोन रेघाही मारल्या.

मग त्यांनी पुलावरचा दिवस सांगितला. टेहळणीवर होता त्या जवानानं सकाळपासून दोनदा चुकीची हाक दिली होती. एकदा घारीला, एकदा आपल्याच विमानाला. दोन्ही वेळा सगळे जेवण टाकून धावले, आणि मग त्याची लय थट्टा झाली. तिसऱ्यांदा त्याला सूर्याच्या कडेला काहीतरी चमकलेलं दिसलं. त्यानं विचार केला, जरा बघू. चार आकडे मोजावेत इतकाच वेळ तो थांबला. तेवढ्यात विमान डोक्यावर आलं. तोफ उशिरा सुरू झाली. पूल वाचला, पण गोळे आणणारे दोघे उघड्यावर सापडले.

"टेहळणीवर कोण होतं?" मी विचारलं.

त्यांनी दस्तीची घडी केली, पुन्हा मोडली. "त्याचं नाव नका लिहू. त्याला लेकरंबाळं हायती. नुसतं जवान लिहा."

मी 'टेहळणीवरील जवान' असं लिहिलं.

श्रावण आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता, आणि मराठवाड्यात काय सुरू झालं ते तुम्हाला सांगायला नको. एसट्या बंद पडल्या. रस्त्यावर झाडं तोडून टाकलेली. रोज कुठल्यातरी गावाचं नाव कानावर यायचं. आमच्या गावात सगळे म्हणत होते, आपल्याकडं काही होणार न्हाई.

त्या दिवशी दुपारी मी दळण घेऊन गिरणीवर गेलो होतो. पट्ट्याचा आवाज मोठा. माझा चुलतभाऊ शेजारी येऊन उभा राहिला आणि तोंड कानाशी आणून म्हणाला, "आज दिवे लागायच्या आत घरी ये. आईला, पोरांना बाहीर सोडू नको."

"काहून?"

"काहून इचारायचं न्हाई. तुला काई म्हाईत न्हाई, आसं समज."

मला काही माहीत नाही असं मी समजलो. पुढे सोळा वर्षं समजत राहिलो. म्हणून इथे साफ लिहितो, मला कळलं होतं. कुठं, कधी, आणि कोण, हे तिन्ही कळलं होतं. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन घरी येताना बौद्धवाड्याची वाट माझ्या उजव्या हाताला होती. शंभर पावलं असतील. मनात म्हणालो, खात्री कुठं आहे? उगाच सांगितलं आणि काही झालंच नाही तर? भावकीत तोंड कुठं दाखवायचं?

पाच वाजता ते नेहमीसारखे आले. ओसरीखाली उभं राहून आभाळ पाहिलं. "आभाळ साफ हाय, गुरुजी. आज नावं घेऊ."

त्या दिवशी त्यांनी सात नावं सांगितली. एक ते सात, प्रत्येकाचं गाव, गोदीतलं काम, एखादी खोड. नंबर चार पास्कल. वसईकडचा. क्रेनवर होता, दिवसभर शीळ वाजवायचा, आणि तोफेवर शीळ वाजवायला मनाई म्हणून नुसतेच ओठ हलवायचा. तो तिथे गेला. नंबर पाच गणपत, तोही गेला. मी लिहीत होतो. माझं अक्षर त्या पानावर बिघडलेलं आहे. आजही वही उघडली की ते पान लगेच ओळखू येतं.

त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. "गुरुजी, बरं न्हाई का?"

"डोकं दुखतंय," मी म्हणालो.

चहा झाला. ते कप विसळायला रांजणाकडे गेले. दस्ती खाटेवर पसरलेली होती, तिच्यावर वही. आणि तेव्हा मी जे केलं ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. शेजारी शाळेचा जुना हजेरीपट पडला होता, तेवढ्याच आकाराचा. मी वही उचलून गादीखाली सारली आणि हजेरीपट दस्तीत बांधून गाठ मारली.

वही आगीतून वाचावी म्हणून. खरंच त्याच भावनेनं. माणसांना हाक द्यायचं धैर्य नव्हतं, आणि कागद जळू द्यायला मन होत नव्हतं. मास्तर माणूस.

ते आले, गाठोडं काखेत मारलं, खाली उतरले, आभाळ पाहिलं. "साफ हाय. येतो."

मी म्हणालो, "या."

दिवेलागणीला आईनं दार लावून आतून आडणा घातला. आम्ही आवाज ऐकले. पुढचं सांगायचा मला अधिकार नाही, कारण मी पाहिलं नाही. मी दाराच्या आत होतो. नंतर कळलं ते असं. बौद्धवाडा पेटलेला बघून ते शेजारच्या म्हाताऱ्याला बाहेर ओढायला धावले. बायकोनं लेकरं बाहेर काढली. मग ती परत आत गेली. कशाला, तर पेटीला. वही पेटीत होती ना. सात माणसं होती तिच्यात. तापलेली पत्र्याची पेटी तिनं दोन्ही हातांनी धरून बाहेर आणली.

तिचे हात गेले. म्हणजे राहिले, पण बोटं एकमेकांना चिकटून गेली.

तालुक्याहून माणसं आली. पंचनामा लिहायला अक्षर चांगलं म्हणून मलाच बसवलं. 'अज्ञात इसमांनी' हे दोन शब्द मी माझ्या हातानं लिहिले. त्या इसमांपैकी एक जण समोर उभा राहून मला पाणी देत होता.

चौथ्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. मी बाहेर गेलो. सदऱ्याची एक बाही जळालेली होती. ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "गाठोड्यात होतं ते जळालं, गुरुजी."

मी म्हणालो, "अरेरे."

ते थोडे थांबले. मी खाली बघत होतो. मग त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. त्याच आठवड्यात ते कुटुंब घेऊन परभणीला गेले, कापसाच्या एका जिनिंगवर पहारेकरी म्हणून.

वही तेव्हाच का दिली नाही, असं तुम्ही विचाराल. काय सांगून देणार होतो? वही शाबूत आहे याचा अर्थ एकच होता: मास्तरला आधी ठाऊक होतं. आणि ती बाई जिच्यासाठी आगीत शिरली, ती वस्तू माझ्या गादीखाली होती. पहिल्या महिन्यात भावकीची भीती होती. नंतर भीती गेली आणि लाज उरली. लाज भीतीपेक्षा चिवट. माझी बदली जिंतूरला झाली तेव्हा वही ट्रंकेत घालून बरोबर नेली. जाळता येईना, देता येईना.

सात-आठ वर्षांनी एका रविवारी दारात माणूस उभा. केस पांढरे, उजवा पाय ओढत चालणारा. हात कपाळावर गेला तेव्हा मी ओळखलं.

"आभाळ साफ हाय," ते म्हणाले. "गुरुजी, परत लिहायचं."

साहेबांचं दुसरं पत्र आलं होतं. इतिहास छापायला निघाला आहे, ही शेवटची संधी. मधल्या काळात त्यांना झटका येऊन गेला होता. बोलणं जरा जड झालेलं, आणि आठवणीला भोकं पडलेली. मी त्यांना पायरीवर बसू दिलं नाही. हात धरून खाटेवर बसवलं. मला वाटलं, मी केवढं मोठं काही केलं. ते बसले. ट्रंक त्याच खाटेखाली होती.

चहा मी घरातल्याच कपात दिला. पिऊन झाल्यावर ते उठायला लागले तसा मी कप हातातून घेतला. ते हसले. "आता इसळायला पायबी चालत न्हाई."

आम्ही दोन रविवार लिहिलं. पूल त्यांना आठवत होता, तोफेचा रंग आठवत होता, मेलेले मासे आठवत होते. मग नावांवर आलो. एक, दोन, तीन झाले. चारवर ते अडले.

"चार नंबर... क्रेनवर होता. शीळ वाजवायचा. तोफेवर नुसते व्हट हलवायचा. तोंड असं समोर दिसायलंय, गुरुजी. नाव येत न्हाई."

माझ्या जिभेवर होतं. पास्कल. वसईचा पास्कल. ती वही मी इतक्या वेळा वाचली होती की सातही नावं मला पाढ्यासारखी पाठ होती.

"तुमाला आठवतं का? तुमीच लिहिलं व्हतं."

"नाही," मी म्हणालो. "फार दिवस झाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. चांगला कान माझ्याकडे होता, तरी मान वळवून बघत राहिले. मग सावकाश बोलले.

"टेहळणीवर मी होतो."

मी लेखणी थांबवली.

"त्या वक्ताला नाव लिहू दिलं न्हाई मी. तो जवान मीच. चमकलेलं दिसलं व्हतं. लोक हसतेन म्हणून गप बसलो, चार मोजेपर्यंत. त्यात हा चार नंबर गेला. आन आज मला त्याचंच नाव येईना, बघा." त्यांनी चेहरा पुसला. "आता लिहा माझं नाव तिथं. उशीर लय झाला. पर हाक दिली."

मी लिहिलं. त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत, नुसते बसले. बाहेर एसटी स्टँडकडचा गलका चालू होता.  मी हातातले कागद सरळ करत होतो, पेनाचं टोपण लावत होतो, काढत होतो. तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते असं:

"चार नंबरला जागा रिकामी सोडू?"

"सोडा," ते म्हणाले. पाच नंबरलाही तीच गत झाली. तीही सोडली.

ते निघाले. मी दारापर्यंत गेलो. बाहेर पाऊल टाकून त्यांनी हात कपाळावर धरला, डावीकडून उजवीकडे सगळं आभाळ पाहिलं. सूर्य झाकून त्याची कडही पाहिली. मग हात खाली घेतला आणि काही न बोलता तसेच उभे राहिले. मला वाटलं, झटक्यानं ही सवयही विसरले. थोड्या वेळानं पाय ओढत स्टँडकडे गेले.

हकीकत मीच रजिस्टर पोस्टानं पाठवली. दोन रिकाम्या जागांसकट.

नामांतर झालं त्या जानेवारीत जिंतुरात कुठे पेढे वाटत होते, कुठे दुकानं बंद होती. मी ट्रंक उघडली आणि सकाळच्या एसटीनं परभणीला गेलो. जिनिंगवर चौकशी केली, तर पहारेकरी मागच्याच वर्षी वारला, असं सांगितलं. घर दाखवलं.

त्यांच्या पत्नी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना काय म्हणावं ते मला सुचेना. इतक्या वर्षांत त्यांना कधी हाक मारायची वेळच मी येऊ दिली नव्हती. त्यांनीच ओळखलं. "गुरुजी ना?"

मी पिशवीतून वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. "ही माझ्याकडं होती. त्या दिवसापासून. मला आधी कळलं होतं, मी सांगितलं नाही. गाठोड्यात मी दुसरं काहीतरी बांधलं."

एका श्वासात बोललो. त्यांनी वहीला हात लावला नाही. त्यांचे हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"त्यायला म्हाईत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

त्या उठल्या, आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. तीच पेटी, एका बाजूनं काळी. दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी काहीतरी आणलं. हिरव्या दस्तीचा तुकडा, आणि त्यात अर्धा जळालेला हजेरीपट. कडा कोळसा झालेल्या, पण मधली पानं शाबूत. माझ्या अक्षरात पोरांची नावं. चौथीतल्या त्या पोरीचंही.

"दुसऱ्याच दिवशी गाठ सोडली व्हती त्यायनी. बघितलं आन म्हनले, गुरुजीला ठाव व्हतं. वही गुरुजीकडं हाय."

"मग मागितली का नाही?"

"शाळेवर आले व्हते की. जिंतूरलाबी आले व्हते, असा पाय घेऊन, दोन खेपा. म्या म्हनलं, सरळ मागा. तं म्हनले, मागून घ्यायची चीज न्हाई ती. त्यानं द्यायला पायजे."

फळीवर एक जाड पुस्तक होतं, तुकडीचा छापलेला इतिहास. लेकीनं वाचून दाखवलं होतं म्हणे त्यांना, वारायच्या आधी. त्यांनी मला ते पान काढायला सांगितलं; लेकीनं तिथे कागद घातला होता. पुलावरच्या त्या तोफेबद्दल चार ओळी होत्या. शेवटची अशी, की या कारवाईत दोन जवान कामी आले, त्यांची नावे उपलब्ध नाहीत.

"काय नावं व्हती त्यायची?" त्यांनी विचारलं. "शेवटच्याला लय इचारायचे. व्हट हलवायचे नुसते."

मी वही उघडली. ते बिघडलेल्या अक्षराचं पान लगेच सापडलं. मी मोठ्यानं वाचलं. नंबर चार, पास्कल. नंबर पाच, गणपत. ओट्यावर आम्ही दोघंच होतो.

"ठेवा तिथं," त्या म्हणाल्या. मी वही ठेवली. मग त्यांनी हजेरीपट माझ्याकडे सरकवला. "हा तुमचा हाय. घेऊन जावा."

चहाचं त्यांनी विचारलं नाही.

तो हजेरीपट आता माझ्या ट्रंकेत आहे. पण डोळ्यांपुढे येतो तो जिंतूरचा रविवार. ते दाराबाहेर उभे आहेत. सगळं आभाळ बघून झालं आहे, सूर्याची कडसुद्धा. हात खाली आला आहे. 'साफ हाय' म्हणत नाहीत, निघतही नाहीत. चांगला कान माझ्या दाराकडे करून उभे आहेत, आणि मी दारात, कडीला हात लावून.